लहान मुलांसाठी हेल्मेट : सायकल, स्केटिंग, सर्फिंग. एकच चालेल की वेगवेगळी?

फोंडेकरीण

नमस्कार. दोन मुलांसाठी हेल्मेटं घ्यायची आहेत आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. धाकटा सव्वाचार वर्षांचा, डोक्याचा घेर ५० सेंमी. बिनपेडलची बॅलन्स बाइक चालवतो, लवकरच पेडलवर जाईल. थोरली आठ वर्षांची, घेर ५२.५. इनलाइन स्केटिंग करते, आता स्केटबोर्डही हवाय. दिवाळीनंतर तिला आश्वे-मांद्रे भागात सर्फिंगला घालायचं चाललंय.

दुकानांत विचारलं की गुडघे-कोपरांच्या पॅडांसोबत सेटमध्ये येणारं हेल्मेट पुढे करतात. वरून चकचकीत, आत मऊ स्पंज. तेवढं पुरतं का? एकच हेल्मेट सगळीकडे चालेल का? मिप्सवाल्याला (आत सरकणारा थर असतो ते) जास्त पैसे मोजावेत का? आणि एक नंबर मोठं घेतलं तर दोन-तीन वर्षं निघतील का? बजेट दोघांचं मिळून पाच हजार. ब्रँडची नावं नकोत, काय बघून घ्यायचं ते सांगा.

चिरेबंदी

सेटमधलं घेऊ नका. का ते सांगतो, म्हणजे दुकानात तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

डोक्याला थांबायला थोडी जागा मिळवून देणं, एवढंच हेल्मेटचं काम. दीड मीटरवरून पडलेलं डोकं जमिनीला लागताना त्याचा वेग सेकंदाला ५.४ मीटर असतो, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. हा वेग दोन मिलिमीटरांत संपला तर डोक्याला बसणारा सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या साडेसातशे पट होतो. तोच वेग दोन सेंटिमीटर फोम चिरडत संपला तर ७५ पट. प्रत्यक्षात कमाल धक्का सरासरीहून बराच वर जातो, म्हणून मानकं कमाल आकडा मोजतात. युरोपच्या ईएन १०७८ मध्ये मर्यादा २५० पट. अमेरिकेच्या सीपीएससी मानकात ३०० पट, पण तिथे सपाट पृष्ठभागावरची चाचणी दोन मीटरवरून घेतात.

आता सेटमधला स्पंज अंगठ्याने दाबून बघा. अंगठा थेट कवचाला टेकतो. डोकंही तसंच टेकणार. चांगल्या हेल्मेटमध्ये कवचाच्या आत टणक फोम असतो, नखाने जेमतेम खूण उठेल इतका. बहुतेक वेळा तो ईपीएस असतो, म्हणजे आपला थर्माकोलच, पण बराच घट्ट. त्यावर वेल्क्रोने लावलेल्या मऊ गाद्या फक्त घट्ट-सैल बसवण्यासाठी असतात. संरक्षणात त्यांना धरू नका.

मग हेल्मेट उलटं करून आतलं लेबल वाचा. ईएन १०७८ चं खरं लेबल असेल तर मानकाचा क्रमांक, निर्मात्याचं नाव, मॉडेल, घेर सेंमीमध्ये, वजन आणि निर्मितीचं वर्ष व तिमाही एवढं सगळं सापडतं. नुसता युरोपचा 'सीई' शिक्का आहे आणि क्रमांक नाही, तर ठेवून द्या. खोक्यावर 'आंतरराष्ट्रीय दर्जा' छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही.

थोरलीसाठी: ईएन १०७८ हे मानक मुळातच सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठी आहे, त्यामुळे ते चालतं. त्याहून बरं म्हणजे सीपीएससी आणि एएसटीएम (अमेरिकेतलीच मानक संस्था) एफ १४९२ हे दोन्ही शिक्के असलेलं. एफ १४९२ खास स्केटबोर्डचं. त्यात कमी उंचीवरून, पण एकाहून अधिक वेळा आपटून बघतात आणि डोक्याची मागची बाजू जास्त झाकलेली लागते. सायकलचं हेल्मेट एका मोठ्या धक्क्यासाठी बनवलेलं असतं. स्केटबोर्ड शिकणारं मूल एका संध्याकाळी दहादा पडतं, हा फरक लक्षात घ्या. स्केटबोर्डच्या हेल्मेटासारखा नुसता गोल आकार असून भागत नाही, कित्येक गोल हेल्मेटांवर फक्त सायकलचं मानक असतं.

धाकट्यासाठी: सीपीएससी लेबलवर वयोगटही असतो, '१ वर्षावरील' किंवा '५ वर्षांवरील'. पहिलं घ्या, त्यात डोकं मागून जास्त खाली झाकलं जातं. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास राहील असं बघा. या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक असते.

एक सापळा. लहान मुलांच्या काही हेल्मेटांना हिरवं बक्कल असतं. ते ईएन १०८० मानकाचं. ठरावीक जोर आला की ते आपोआप सुटतं, म्हणजे घसरगुंडीत किंवा झाडाच्या फांदीत हेल्मेट अडकलं तरी गळ्याला फास बसत नाही. खेळण्याच्या जागेसाठी ते बरोबर आहे. सायकल चालवताना मात्र सुटणारं बक्कल नको. उलट, ईएन १०७८ चं हेल्मेट घालून मुलाने चढाचढी करू नये अशी सूचना त्याच मानकात आहे. म्हणजे सायकलवरून उतरून झोपाळ्याकडे पळायच्या आधी हेल्मेट काढायचं, ही सवय दोघांना पहिल्या दिवसापासून लावा.

वाढत्या अंगाचे कपडे घेतात तसं वाढत्या डोक्याचं हेल्मेट घेऊ नका. गरजही नाही. तीन वर्षांनंतर डोक्याचा घेर फार हळू वाढतो. चारच्या मुलाचा ५० आणि आठच्या मुलीचा ५२.५, तुमच्याच घरात चार वर्षांचा फरक अडीच सेंमी आहे. ४८-५२ चं हेल्मेट मागच्या घट्ट-सैल करायच्या चक्रीवर धाकट्याला दोनेक वर्षं सहज निघेल, थोरलीला ५१-५५ च्या आसपासचं. डोक्याचा घेर हेल्मेटच्या मापाच्या वरच्या टोकाला येईल असं घेऊ नका, खालच्या टोकाला येऊन चक्री पूर्ण आवळून घालायला लागेल असंही नको.

मिप्सचं मत शेवटी. डोकं सरळ आपटण्यापेक्षा तिरकं घासत आपटतं तेव्हा मेंदूला पीळ बसतो. मिप्समध्ये आतला पातळ थर कवचापासून १०-१५ मिलिमीटर सरकतो आणि तो पीळ कमी करतो. कल्पना खरी आहे, पण बरोबर न बसलेल्या मिप्सपेक्षा नीट बसलेलं साधं हेल्मेट केव्हाही बरं. बजेटमध्ये बसलं तर थोरलीला घ्या, वेग तिचा जास्त आहे. घेताना आतला थर बोटाने ढकलून बघा. हलला नाही तर तो नुसता पिवळा प्लास्टिकचा तुकडा आहे.

स्केट_सर

चिरेबंदींशी सहमत. बसवण्याबद्दल लिहितो, कारण चांगलं हेल्मेट कपाळ उघडं टाकून घातलेली मुलं प्रत्येक बॅचला दिसतात.

घेर मोजताना टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंमी आणि मागे डोक्याचा सर्वात फुगीर भाग, असा आडवा सरळ. टेप नसेल तर सुतळी आणि पट्टी. तीनदा मोजा, सर्वात मोठा आकडा धरा. केस तेल लावून चप्प बसवलेले असतील तर त्या दिवशी मोजू नका.

घालताना हेल्मेट कपाळावर आडवं, भुवई आणि कडेमध्ये मुलाची स्वतःची दोन बोटं मावतील एवढंच अंतर. आधी चक्री आवळा, पट्टा नको. आता मुलाला मान खाली घालून हळू 'नाही' म्हणायला सांगा. हेल्मेट पडलं तर चक्री सैल आहे किंवा माप मोठं. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे.

मग बाजूचे पट्टे. दोन्ही पट्ट्या कानाच्या पाळीच्या लगेच खाली एकत्र याव्यात, कान त्या त्रिकोणात. हनुवटीखाली एक बोट जाईल इतकीच ढिलाई. शेवटी मोठी जांभई द्यायला लावा, जबडा उघडला की हेल्मेट डोक्यावर दाबल्यासारखं वाटलं पाहिजे.

शेवटची चाचणी कोणी करत नाही, तीच महत्त्वाची. तळहाताने समोरची कड वर-मागे ढकला. कपाळ उघडं पडलं तर पुढचा पट्टा आवळा. मागची कड वर ढकलल्यावर हेल्मेट डोळ्यांवर आलं तर मागचा पट्टा आवळा. बाजूची क्लिप स्वस्त असेल तर दोन आठवड्यांत घसरते आणि सगळं पुन्हा सैल होतं, म्हणून विकत घेतानाच ती बंद करून पट्टा ओढून बघा.

डोक्याचा आकारही असतो. कपाळावर लाल वळ उठतो पण कानांच्या वर बोट जातं, म्हणजे डोकं लांबट आणि हेल्मेट गोल. जाड गादीने थोडं सुधारतं, नाहीतर दुसरं मॉडेल. गाद्या एकावर एक लावून मोठं हेल्मेट बसवायचा प्रयत्न करू नका, धक्क्यात तेवढं अंतर डोकं मोकळं सरकतं.

स्केटिंगमध्ये नवखी मुलं बहुतेक मागे पडतात, कारण घाबरलं की सरळ उभं राहतात आणि वजन टाचांवर जातं. म्हणून मागची बाजू खोल झाकणारं हेल्मेट हवं. स्पीड स्केटिंगची लांब शेपटीची हेल्मेटं शिकाऊ मुलांना देऊ नका. मागे पडलं की शेपटी आधी टेकते आणि हेल्मेट पुढे डोळ्यांवर ढकललं जातं.

म्हापसेवाला

एवढं सगळं करण्यापेक्षा दोघांना फुलफेस घ्या ना. दात, हनुवटी सगळं वाचतं. स्केटबोर्डवर तोंडावर पडतात मुलं.

स्केट_सर

@म्हापसेवाला, सव्वाचारच्या मुलाला नको. सायकलचं फुलफेस हलकं म्हटलं तरी साध्या हेल्मेटाच्या दुप्पट-तिप्पट वजन. लहान मुलाला ते घातलं की मान पुढे झुकते, पायाशी दिसत नाही आणि गोव्याच्या दमट हवेत पंधरा मिनिटांत ते काढून हातात घेतं. मातीच्या उंचवट्यांवर उड्या मारणाऱ्या मुलांसाठी फुलफेस बरोबर, तेव्हा एएसटीएम एफ १९५२ (उतारावरच्या माउंटन बाइकचं मानक) बघून घ्यायचं. हनुवटीचा भाग काढता येतो अशी मॉडेलं असतात. त्यातल्या काहींत तो भाग चाचणीत धरलेलाच नसतो, म्हणजे जाळी लावल्यासारखं.

मोटोक्रॉसचं हेल्मेट तर लहान सायकलस्वाराला अजिबात नको. किलोभराच्या वर वजन, आणि फोम मोठ्या वेगासाठी कडक केलेला. मुलाच्या पडण्याने तो दबतच नाही.

दातांसाठी थोरलीला माउथगार्ड द्या, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं. स्वस्त आणि उपयोगी.

खारा_वारा

सर्फिंगचं बोलतो, कारण तिथे वरची सगळी हेल्मेटं बाद.

पाण्यातलं मानक ईएन १३८५. कयाक आणि वाहत्या पाण्यातल्या खेळांसाठी लिहिलेलं, सर्फिंगलाही तेच वापरतात. त्यातली धक्क्याची चाचणी ईएन १०७८ पेक्षा बरीच सौम्य आहे, म्हणून हे हेल्मेट पुन्हा स्केटिंगला चालत नाही. उलटही नाही. सायकलच्या हेल्मेटात हवेची भोकं मोठी, पाणी आत शिरतं पण लाटेच्या जोरात पटकन निघत नाही. पुढे टोपीसारखी कड असेल तर लाट ती पकडते आणि मान मागे ओढली जाते. गाद्या पाणी पितात, चक्रीत रेती जाऊन बसते.

पाण्यासाठी बघायचं ते असं. पुढे कड नसलेलं, लहान निचऱ्याची भोकं, आत ईव्हीए किंवा ईपीपीसारखा दबून परत येणारा फोम, कानांवर झाकण पण ऐकू येण्यापुरतं भोक, आणि बक्कल प्लास्टिकचं. रिबेट लोखंडी असेल तर समुद्राच्या पाण्यात एका मोसमात गंजतो. जमिनीवरच्यापेक्षा किंचित घट्ट बसवा. सैल असलं तर बादलीसारखं पाणी भरतं.

आठ वर्षांच्या मुलीला पहिल्या वर्गांत लागेलच का? कमरेएवढ्या पाण्यात, फेसाळ लाटेवर, मऊ फोमच्या बोर्डवर शिकवत असतील तर मुख्य धोका स्वतःचा आणि शेजाऱ्याचा बोर्ड, आणि उथळ वाळूवर डोकं आधी पडणं. पहिल्यासाठी हेल्मेट उपयोगी. दुसऱ्यात मानेसाठी हेल्मेट काही करू शकत नाही, तिथे सूर न मारता पाठीवर किंवा कुशीवर पडायला शिकवणं हेच औषध. माझं मत, गर्दीच्या किनाऱ्यावर घालावं, आणि घालून कधीही 'आता बिनधास्त' समजू नये. हेल्मेट मुलाला तरंगवत नाही, तरंगायचं जाकीट वेगळं.

लगेच विकत घेऊ नका. शिकवणाऱ्यांकडे लहान मापाचं आहे का विचारा. पावसाळ्यात सत्तरीत म्हादईवर राफ्टिंगला हेल्मेटं आयोजकच देतात. तिथेही मुलाच्या डोक्यावर ते फिरतंय का हे काठावरच बघायचं, राफ्टमध्ये बसल्यावर नाही.

फोंडेकरीण

खूप आभार सगळ्यांचे. चिरेबंदीदादा, अजून एक. स्केटिंगच्या वर्गाला स्कूटरवरून नेते. तिने वाटेत स्केटिंगचं हेल्मेटच घातलं तर? आणि धाकटा पुढे उभा राहतो, त्याला सायकलचं? शिवाय मैत्रिणीकडे तिच्या मुलीचं जुनं चांगल्या ब्रँडचं हेल्मेट आहे, ते घ्यावं का?

चिरेबंदी

ताई, दोन्ही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं, आणि ते आयएस ४१५१ चं, आयएसआय शिक्का असलेलं. सायकलच्या हेल्मेटाची सवलत फक्त नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ती आली. त्यातही मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, ३० किलो पेलणारा, आणि ताशी ४० पेक्षा जास्त वेग नाही. तुमचा धाकटा सव्वाचारचा, म्हणजे सवलतीतून बाहेर. नियम बाजूला ठेवला तरी सायकलचं हेल्मेट ताशी वीसच्या आसपासच्या धक्क्याला तपासलेलं, फोंडा-पणजी रस्त्यावरचा वेग तुम्हाला माहीत आहे. आणि त्याला पुढे उभं करू नका. ब्रेक दाबला की तोंड थेट हँडलवर.

म्हणजे स्कूटरची दोन वेगळी, खेळाची दोन वेगळी. पाच हजारांत खेळाची दोन बसतील, स्कूटरचा हिशोब निराळा धरा.

जुनं हेल्मेट: ते कधीच आपटलेलं नाही हे खात्रीने माहीत असेल तरच. गाद्या काढा, टॉर्च तिरकी धरून फोम बघा. केसासारखी चीर, दबून चमकणारा भाग किंवा कवच फोमपासून सुटलेलं दिसलं तर फेका. गोम अशी की दबलेला ईपीएस किंचित फुगून परत येतो, त्यामुळे काही वेळा काहीच दिसत नाही. निर्मितीचं साल पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर फुकटही नको. नव्याचंही तसंच, एकदा जोरात डोकं आपटलं की ईपीएसचं हेल्मेट बाद, बाहेरून कितीही छान दिसो. टेबलावरून रिकामं पडलं तर सहसा काही होत नाही, आत डोकं नसताना वजनच किती.

डोकं आपटल्यावर हेल्मेट शाबूत आहे म्हणून मूल शाबूत, असं धरू नका. मूल गोंधळलेलं वाटलं, डोकं दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशी पुन्हा चाकांवर नाही. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, सुस्ती, बोलणं अडखळणं, थोडा वेळसुद्धा शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता १०८ किंवा थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ).

कुंकळ्ळीकर

आपल्या हवेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. जूनमध्ये कपाटात ठेवलेलं हेल्मेट ऑगस्टमध्ये काढाल तर गाद्यांवर हिरवट बुरशी असते. वापर झाला की गाद्या काढून साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा, पंख्याखाली वाळवा. मशीनमध्ये घातल्या की आतला स्पंज गोळा होतो. कवच आणि फोम ओल्या फडक्याने पुसा, बस. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर फोमला अक्षरशः विरघळवतात, आणि डीट असलेलं डास पळवायचं औषध काही प्लास्टिकांना खातं, म्हणून ते हाताला चोपडून लगेच हेल्मेट हाताळू नका. मुलांना स्टिकर लावायचे असतात. ते लावू द्या, पण मोठ्या हेअर क्लिपा आणि कॅमेऱ्याचे टणक माउंट नकोत.

बंद गाडीच्या काचेखाली मे महिन्यात ठेवलं की कवचाला फोड येतात. तसे फोड दिसले तर फोमही वाकडा झालाय असं समजा. घरात हवेशीर खुंटीवर टांगा, पण चक्रीला धरून नव्हे, पट्ट्याने.

अवांतर : थोरलीची उंच पोनी किंवा अंबाडा असेल तर हेल्मेट मागून वर उचललं जातं आणि स्केट_सरांची सगळी मापं चुकतात. मानेशी दोन खाली वेण्या घाला, आणि चक्री त्या वेण्या घातल्यावरच आवळा.

फोंडेकरीण

हिरवं बक्कल नाही, '१ वर्षावरील' लेबल, ४८-५२ हे धाकट्याचं. थोरलीसाठी सीपीएससी आणि एफ १४९२ दोन्ही असलेलं शोधते. एक शेवटचं, ऑनलाइन घेतलं तर लेबल आधी कसं बघायचं?

चिरेबंदी

विक्रेत्याला आतल्या लेबलचा फोटो मागा. दिला नाही तर पुढचा विक्रेता. आल्यावर वेष्टन फाडण्याआधी परत करायची मुदत बघा, मग घरातच बसवून अर्धा तास घालून बसवा तिला. अर्ध्या तासानंतर कपाळावर एका जागी लाल गोल उठला तर परत पाठवा, चक्रीने तो जाणार नाही.